पॉलिशचा वास जाईपर्यंत

१२ जानेवारी २०२५, खारबाव

डॉक्टरांनी ह्यांना बोलायची बंदी केली, म्हणून मी लिहायला बसले आहे. दुसरं कारण नाही. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. रात्रीची जेवणं आटोपली की मी उद्याची भाजी निवडत बसायची आणि दिवसभराचं आम्ही एकमेकांना सांगायचो. मी टेलिफोन खात्यातलं, हे आपल्या लूमच्या शेडमधलं. मी निवृत्त झाले, ह्यांची शेड गेली, तरी ते चुकलं नाही. आता बोलले की ह्यांना धाप लागते. जन्मभर सुताचं तूस छातीत गेलं, त्याचं हे फळ. हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, गरजेपुरतं बोलायचं. आणि धूळ, धूर, उग्र वास अजिबात चालणार नाही. मी काही बोलले की हे उत्तर देणारच. म्हणून मीही गप्प राहायचं ठरवलं आहे. ठरवलं की मी पाळते.

मुक्काम हौसाआक्कांकडे. ह्यांची थोरली बहीण. खालची खोली दिली आहे, खिडकी रुळांच्या बाजूला. वळ गावातल्या आमच्या घरात लाकडाची जमीन बसवायचं काम चालू आहे, तिथे थेट जाणं शक्यच नव्हतं.

ती जमीन हा ह्यांचा हट्ट. शेड पाडून तिथे गोडाऊन उभं राहिलं तेव्हा छपराच्या सागवानी तुळया ह्यांनी कुणाला विकू दिल्या नाहीत. वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून होत्या. "घरात घालीन, पायाखाली," म्हणायचे. मी दोनदा नाही म्हटलं. दिवाळीनंतर हे फार दमायला लागले, तेव्हा हो म्हटलं. लादी पायाला गार लागते, एवढं मात्र खरं आहे.

माझी एकच अट. पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत ह्यांनी त्या घरात पाय ठेवायचा नाही. हितेशलाही सांगून ठेवलं. आमचा मुलगा, राहतो ठाण्याला. तो हो म्हणाला. त्याचं हो म्हणजे अर्धं असतं.

१४ जानेवारी

संक्रांत. आक्कांनी ह्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "गोर बोल." हे हसले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आमच्या सुपरवायझर बाईंची परवानगी काढ." मी वाटीच उचलून आत नेली.

दुपारी दीपेशचा फोन आला. वळचं काम करतो तो मिस्त्री. म्हणाला, काही फळ्या काळ्या आहेत, लूमचं तेल मुरलंय त्यांत, पॉलिश धरणार नाही, बाजूला काढतो. मी बरं म्हणणार इतक्यात ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "काढायच्या न्हायत. ते माझ्या तेरा नंबरच्या लूमचं तेल हाय. खिडकीखाली लाव, जिथं माझा पलंग येल तिथं." मग जो खोकला सुरू झाला तो ऑक्सिजनचं मशीन लावल्यावरच थांबला. मी फोन घेतला आणि दीपेशला सांगितलं, यापुढे फक्त माझ्याशी बोलायचं.

१८ जानेवारी

वळला जाऊन आले. फळ्या बसवून, घासून झाल्या आहेत. पॉलिशचा पहिला हात मारला आणि त्यावर धूळ बसली. बसणारच. घरासमोरून दिवसभर कंटेनर जातात आणि कामगाराने खिडकी उघडी टाकून पंखा लावलेला.

"पंखा कुणी लावला?"

"अरे, बंद कर पंखा! काकी चिल्ला रही है," दीपेश आत ओरडला. मग मला म्हणाला, "काकू, गरम होतं ना पोरांना."

"होऊ दे. हा हात घासून काढा आणि परत मारा."

"काकू, राग नका मानू. तुम्ही आधी जेलर होता का?"

"टेलिफोन ऑपरेटर."

"मग तेच ते."

पण घासून काढला. मी उभी राहून काढून घेतला. पाट्या टाकलेल्या कामात मी राहणार नाही. ही जमीन वीस वर्षं टिकली पाहिजे. हे एकाहत्तरचे आहेत. म्हणजे नव्वदीपर्यंत बघायला नको.

दारात आडवी दोरी बांधली. कुणी आत जाऊ नये म्हणून.

२३ जानेवारी

ठाण्याला डॉक्टरांना दाखवलं. बातमी चांगली आहे. पथ्य सगळं सुटलं. "काय मागतील ते द्या, सुकट, बोंबील, काहीही. मन मारू नका," असं म्हणाले. पुढची तारीखही दिली नाही. म्हणजे आता सारखं यायची गरज नाही. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "तशी गरज नाही," असंच म्हणाले.

हितेशला त्यांनी मागे थांबवून घेतलं, कागदपत्रांचं काही असेल. येताना तो नीट चालवत नव्हता. अंजूरफाट्याला वळणच चुकला. रोजचा रस्ता! मी म्हटलं, लक्ष कुठे आहे? ह्यांनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही. मुलाला ओरडलं की हे नेहमी त्याच्याच बाजूला.

संध्याकाळी आक्कांनी ओल्या बोंबलाचं कालवण केलं. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. आक्का म्हणाल्या, "खा रं बाला." सत्तरीच्या माणसाला बाळा. पण आवाज असा काढला की मला उठून पाणी आणायला जावं लागलं.

२७ जानेवारी

शेवटचा हात परवा झाला. दीपेश म्हणतो चोवीस तासांनी अनवाणी चालता येतं, आठवड्याने सामान ठेवता येतं, पण लाकूड आणि पॉलिश पुरतं कडक व्हायला तीन आठवडे धरा. डब्यावरही तेच छापलं आहे, मी चष्मा लावून वाचलं. त्याआधी पाणी सांडायचं नाही, सतरंजी घालायची नाही, पलंग ओढायचा नाही. ह्यांच्यासाठी मुख्य म्हणजे वास. आज दारात उभी राहून नाक आत घातलं, तर डोळ्यांतून पाणी आलं. फेब्रुवारीच्या मध्यावर जाऊ, असं ह्यांना सांगितलं. ह्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली.

पाहुणे फार यायला लागले आहेत. एवढी वर्षं फिरकले नाहीत ते. शेडमधला जुना मास्तर मालेगावहून आला, लूम बिघडली की तोच दुरुस्त करायचा. शेड गेली तेव्हा लूम तिकडेच विकल्या होत्या. ह्यांच्या पायाशी बसून म्हणाला, "सेठ, आपका तेरह नंबर अभी भी चल रहा है. क्या माल निकालता है, मख्खन!" हे हसले. जाताना मी त्याला म्हटलं, पुढच्या महिन्यात वळला या, नवी जमीन बघायला. त्याने दोन्ही हात जोडले आणि "हां भाभी, हां," म्हणत मागे मागे सरकत बाहेर गेला. पूर्वी चांगला टेचात बोलणारा माणूस.

१ फेब्रुवारी

माघी गणपती. हितेश आक्कांना गाडीतून दर्शनाला घेऊन गेला. बराच उशीर केला. आक्कांच्या पिशवीत काय होतं विचारलं तर म्हणाल्या, "देवाचा सामान."

त्या आल्यावर हे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मान डोलावली. मग हे डोळे मिटून स्वस्थ झोपले. कितीतरी दिवसांनी अशी झोप लागली ह्यांना.

मी नसले की आक्कांशी हे बोलतात, हे मला माहीत आहे. स्वयंपाकघरात असले की कुजबुज ऐकू येते, आत गेले की थांबते. माझ्याशी बोलायचं नाही हा नियम मीच केला, तेव्हा तक्रार कुणाकडे करू?

३ फेब्रुवारी

आज वळला गेले ते बरं झालं. सगळी वाट लागली आहे.

खिडकीखाली, बरोबर काळ्या फळ्यांवर, नारळ फोडलेला. पाणी मुरून हातभर पांढरा डाग. त्या फळ्यांवर पॉलिश मुळातच धरत नव्हतं. नारळ आपटला तिथे ते कपचीसारखं उडालंय. फटींतून कुंकू. समईच्या तेलाचं गोल. आणि दारापासून खिडकीपर्यंत पावलं उमटलेली, भेगांसकट.

आल्या आल्या विचारलं.

"आक्का, नारळ तुम्ही फोडलात?"

"फोरला. मंग?"

"नारळ दगडावर फोडतात. पायरीवर फोडतात. ओल्या पॉलिशवर कोण फोडतं?"

"उंबऱ्यावरच फोरनार व्हते. तुनी दरवाज्यान रस्सी बांधलीस. रस्सीवर नारल फोरतांव काय कोनी? मंग गेले खालून वाकून."

"कशासाठी पण?"

"नारल फोरल्याबिगर नव्या जागेन कोन राहाला जातंय? आपल्यान हाय काय अशी रीत?"

"आम्ही जाणार होतो तेव्हा फोडला असता. एवढी घाई कुणी सांगितली होती?"

आक्कांनी पलंगाकडे बघितलं. हे आढ्याकडे बघत होते. "कोनी न्हाय," आक्का म्हणाल्या. "माजी मीच."

४ फेब्रुवारी

मी सांगून टाकलं, सगळं घासून पुन्हा करायचं. दीपेश म्हणाला, "काकू, कोपऱ्यातलं आहे, पलंगाखाली जाईल. कुणाला दिसणार?" मी म्हटलं, मला दिसेल.

हितेश आला. "आई, राहू दे ना तो डाग. रविवारी बाबांना नेऊ. खिडक्या उघड्या ठेवू. डागाचं मागाहून बघू."

"मागाहून म्हणजे? हे आत झोपलेले असताना घासणार? तो भुसा, तो वास ह्यांच्या छातीत घालणार?"

"मागाहून म्हणजे..."

"जे करायचं ते हे इथे आहेत तोवर करून घ्यायचं. एकदाच, नीट."

हे म्हणाले, "राहू दे गं. डाग राहू दे."

"तुम्ही बोलू नका."

हितेश बाहेर जाऊन गाडीत बसला. गाडी चालू केली नाही, नुसता स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. चाळिशीला आलेला माणूस एवढ्यातेवढ्यावर रुसतो. आक्का त्याला चहा देऊन आल्या. माझ्याशी त्या बोलत नाहीत, मीही बोलत नाही.

९ फेब्रुवारी

घासून झालं, दोन हात झाले. ह्या वेळी मी काळ्या फळ्या थिनरने स्वतःसमोर पुसून घेतल्या. आता धरलं आहे. काचेसारखं दिसतं. नवी तारीख महिनाअखेर. ह्यांना सांगितलं. ह्या वेळी बोटांवर काही मोजलं नाही.

१२ फेब्रुवारी

मशीन आता दिवसाही लागतं. थंडी जाताना असं होतं, आक्कांच्या शेजारणीच्या सासऱ्यांचंही झालं होतं.

मृणाली आली होती, माझी सून. बँकेतून रजा काढून. ह्यांची नखं कापली, केस विंचरले. मला म्हणाली, "आई, तुम्ही थोडा वेळ त्यांच्याजवळ नुसत्या बसा ना." मी म्हटलं, बसून काय करू? जवळ बसले की हे बोलायला जातात.

१७ फेब्रुवारी

ह्यांनी हितेशकडे हट्ट धरला, घर लांबून तरी दाखव. नेलं. आक्काही आल्या, ऑक्सिजनचं नळकांडं सोबत घेतलं. गाडी फाटकापर्यंत आत घेतली. मी उतरून दार उघडलं. दोरी तशीच ठेवली.

दुपारचं ऊन खिडकीतून जमिनीवर पडलं होतं. सागवानाचा रंग कसला म्हणायचा? आक्का मोहाच्या दारूसारखा म्हणाल्या. मी रागाने बघितलं, पण होता तसाच. हे काच खाली करून बघत राहिले. ओठ हलत होते. फळ्या मोजत होते की काय कोण जाणे.

मग म्हणाले, "पाय लावून येतो."

मी दारात जाऊन वास घेतला. अजून होता. पूर्वीएवढा नाही, पण होता. घशाला लागत होता.

"अजून आठ-दहा दिवस," मी म्हटलं. "एवढे काढलेत, तेवढे काढा."

"एकच पाय."

"आत शिरलात आणि धाप लागली तर? इथून ठाणं किती लांब आहे?"

हितेश गाडीला टेकून उभा होता. "आई," म्हणाला. एवढंच.

"मी नाही म्हटलं ना?"

हे माझ्याकडे बघून हसले. "बरं, सुपरवायझर बाई." काच वर केली.

मी बरोबर होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, उग्र वास नको.

२४ फेब्रुवारी

हे गेले. गुरुवारी, वीस तारखेला, सकाळचा चहा झाल्यावर.

क्रमाने लिहिते. चहा चमच्याने पाजला. तीन चमचे गेले. मी कप ठेवायला वळले तर ह्यांनी माझं मनगट धरलं. पकड होती चांगली. "अगं," म्हणाले.

मी म्हटलं, "बोलू नका."

नाही बोलले. मनगट धरून ठेवलं. रुळांवरून मालगाडी जात होती, लांबलचक. ती संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं की पकड सुटली आहे.

आक्कांनी ह्यांना खाली घ्यायला लावलं. लादीवर घेतलं. गार लादी. मी पायांखाली माझी शाल सारली. आक्का म्हणाल्या, "आथा काय गो करायची शाल."

हितेशने सगळ्यांना फोन केले. वळलाच न्यायचं ठरलं. माणसाने आपल्या दारातून निघावं. टेम्पोतून नेलं. गाव जमलं होतं. रस्त्यावरचे कंटेनर कुणीतरी थांबवून धरले होते, तिथे पहिल्यांदा शांतता ऐकली.

आक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अंगनानच न्हाऊ घालू. भितर पानी नको."

पोरांनी ह्यांना उचललं आणि दारापर्यंत आणलं. आणि थांबले. चौघेही. दोरी होती. चपला सगळ्यांनी फाटकाबाहेर काढलेल्या. पुढच्या एकाने पाऊल उचललं होतं ते परत मागे घेतलं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या नवऱ्याला खांद्यावर घेऊन उंबऱ्यावर उभे होते आणि माझ्या परवानगीची वाट बघत होते.

"आई," हितेश म्हणाला, "आणू का आत?"

मी दोरी सोडायला गेले. गाठ मीच मारली होती, सुटेना. नख तुटलं. कुणीतरी कोयता आणला आणि हितेशने दोरी कापली.

मी म्हटलं, "आणा. खिडकीखाली ठेवा. पाणी पण आतच आणा. इथेच न्हाऊ घालायचं."

"वयनी, खराब व्हईल," कोणी एक म्हणाला.

"आणा म्हटलं ना."

हंडे आत आले. ओल्या पायांची माणसं आत आली, बायका आल्या, हळदीचे हात, तेलाचे हात. ह्यांच्या पाठीखाली फक्त लाकूड होतं. एकदा मला वाटलं, सांगावं ह्यांना, की गार नाही लागत ना? दार, खिडक्या सगळं उघडं होतं. मी दीर्घ श्वास घेऊन बघितला. इतकी माणसं, फुलं, उदबत्त्या, तरी वास होताच.

२६ फेब्रुवारी

दिवा कुठे ठेवायचा यावर बोलणं झालं. हितेशला वाटत होतं वळला ठेवावा, घर तिथे आहे. आक्का म्हणाल्या, जीव जिथे गेला तिथेच दिवा. वळला जीव गेलाच नाही तर तिथे कशाला येईल तो? भटजींनीही तेच सांगितलं. म्हणून खारबावलाच, त्याच खोलीत, पलंग होता त्या जागी लादीवर पीठ पसरून दिवा ठेवला आहे. आक्का आणि मी आळीपाळीने तेल घालतो.

म्हणजे ह्यांना त्या घरात एकदाच नेलं आणि तेही लगेच बाहेर काढलं.

१ मार्च

दहावा झाला. घाटावरून आल्यावर दोघीच होतो. आक्का दिव्यासमोर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता सुरुवात केली.

"नारल त्यानंच फोराला सांगितला."

मी दिव्यात तेल घातलं.

"मना बोलला, आक्का, आपला पाय लागंल का न लागंल. तू जाऊन नारल फोर, म्हंजे घर आपला झाला. मी बोलले, बायकोला सांग. तं बोलला, नको. ती भियेल. ती वास जायाची वाट बगते, बगू दे तिला. तेवरंच तिच्या हातान हाय."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हितेशला डाक्टरनी सांगलेला. मना त्यानीच. मृनालीला हितेशनी."

"आणि मला कुणीच नाही?"

"तुना कोन सांगनार गो? तू कोनाला बोलू देतंस?"

वातीवरची काजळी झाडली आणि उठून गेल्या. मी भिणारी बाई नाही. एकेचाळीस वर्षांत एवढं तरी ह्यांना कळायला हवं होतं.

अक्षर वाईट येतंय. उद्या लिहीन.

२ मार्च

काल जे लिहायचं होतं ते असं. तेवीस जानेवारीचं पान काढून वाचलं. पथ्य सुटलं, तारीख दिली नाही. माझ्याच अक्षरात आहे. कोणत्याही ऑपरेटरला कळलं असतं की लाईनवर कोण काय बोलतंय.

नारळाचा डाग तसाच राहिला असता तर हे नऊ फेब्रुवारीच्या रविवारीच त्या घरात असते. खोकले असते. कदाचित लवकरच गेले असते. पण तिथे. मग वाटतं, नाही, वासाने जीव घुसमटून गेले असते तर तेही मीच केलं असतं. दोन्ही बाजूंनी बघते. रोज बघते. "अगं" म्हणून पुढे काय म्हणणार होते, ते मात्र कुठल्याच बाजूने बघता येत नाही.

६ मार्च

दीपेश भेटायला आला. वळला जाऊन आला होता. म्हणाला, हंडे ठेवले तिथे गोल पडलेत, खिडकीखाली सगळं पांढरं झालंय, हळद फळीत उतरली आहे. "काकू, पुन्हा घासून देतो. सांगा कधी करू."

मी म्हटलं, मृणालीला विचार.

तो गोंधळला. जाताना दारात घुटमळला. "काकू, त्या दिवशी जेलर म्हटलं ना मी तुम्हाला..." मी त्याला चहा दिला. उभ्यानेच प्यायला.

हितेश आणि मृणाली वळला राहायला येणार म्हणतात. मुलीची शाळा संपली की. चांगलं आहे. मला म्हणतात, तुम्ही आजच चला. मी गेले होते काल. दारातून परत आले. मला अजून वास येतो. मृणालीला येत नाही, हितेशला येत नाही. दीपेश म्हणतो आता शक्यच नाही. मला येतो.

आक्कांना विचारलं, काही दिवस इथेच राहू का?

"राहा की," म्हणाल्या. "पन माजे घरान बोलावा लागंल. मुकी मानसा मना चालत न्हायत."

९ मार्च, खारबाव

आज दिलं ते लिहून ठेवते.

ऑक्सिजनचं मशीन, नळी आणि दोन मास्क दुकानाचा माणूस घेऊन गेला. चालू करून दाखवलं, तक्रार नाही. औषधांच्या न उघडलेल्या पट्ट्या गावातल्या दवाखान्यात दिल्या. ह्यांचे शर्ट हितेशने दोन ठेवून घेतले, बाकीचे आक्कांनी पाड्यावरच्या बायांना वाटले. मी बघायला थांबले नाही. दिव्याखालचं पीठ आक्का आणि मी खाडीवर जाऊन ओहोटीला पाण्यात सोडलं. पिठात पुढच्या जन्माची खूण उमटली होती असं आक्का म्हणतात. मी बघितलं, मला दिसली नाही.

वळच्या घराच्या किल्ल्या, दोन्ही जुडगे, संध्याकाळी मृणालीच्या हातात दिले. तिने टिपून घ्यायला फोन काढला आणि म्हणाली, "आई, सांगा. जमिनीचं काय काय पाळायचं?"

सूचना काही दिल्या नाहीत.